पुण्याहून लोकलनं ट्रेकला: सॅक, दोर, तंबू आणि बाकीचं सामान कसं न्यायचं

जून लागला की मला फोन सुरू होतात. कुणाची भाची पहिल्यांदा लोहगडला निघालेली असते, कुणाच्या ऑफिसातला मुलगा राजमाचीचा बेत करत असतो. प्रश्न ठरलेले. "ताई, एवढी मोठी सॅक लोकलमध्ये चढू देतात का?" "गॅसचा छोटा डबा चालतो ना?" "मळवलीला गाडी थांबते की नाही?" दर वेळी तेच सांगते, म्हणून यंदा नीट लिहूनच काढलं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. सॅक आपण डोंगराच्या हिशेबानं भरतो, पण तिचा पहिला सव्वा-दीड तास गाडीच्या गर्दीत जातो. तिथे ती एकट्या आपल्या पाठीवर नसते. शेजारच्या आजींच्या खांद्याला लागते, बाळाच्या डोक्यावरून फिरते. म्हणून सॅक आधी गाडीसाठी भरायची आणि मग डोंगरासाठी. ही सवय लागली की पुढचं पुष्कळसं आपोआप जमतं.

१. आधी परतीची गाडी ठरवा

पुण्याहून लोणावळा साधारण ६४ किलोमीटर. लोकल सगळ्या स्टेशनांवर थांबत सव्वा ते दीड तासात पोचते. बऱ्याच गाड्या पुणे स्टेशनातून सुटतात, काही शिवाजीनगरहून. सकाळची गाडी सगळे पाठ करतात, परतीची कुणी बघत नाही. पहिली चूक इथेच होते. या मार्गावर दुपारच्या वेळेला गाड्या तुरळक असतात. सकाळी अर्ध्या-पाऊण तासानं येणारी लोकल दुपारीही तशीच येईल असं धरून चालू नका.

एका जुलैत आम्ही विसापूर किल्ला उतरून पायथ्याच्या मळवली स्टेशनात आलो तर लोकल नुकतीच गेलेली. पुढची यायला दोन तासांवर वेळ होता. सगळे चिंब. आमच्यातल्या एका मुलीला बाकावर बसल्या बसल्या हुडहुडी भरली, ओठ निळसर दिसायला लागले. तिच्या सॅकमध्ये कोरडे कपडे होते, पण तळाशी, ओल्या पोंचोच्या, म्हणजे डोक्यावरून घालायच्या रेनकोटच्या, खाली. ते काढेपर्यंत तेही ओले झाले. शेवटी दोघींनी आपापले कोरडे टी-शर्ट तिला दिले, चहा पाजला, तेव्हा कुठे अंगात ऊब आली. तेव्हापासून माझा नियम आहे: एक कोरडा जोड, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, सॅकच्या अगदी वर. तो डोंगरावर वापरायचा नाही. तो परतीच्या फलाटासाठी असतो.

रविवारी रेल्वेची दुरुस्तीची कामं निघतात, ब्लॉक असतो, काही लोकल रद्द होतात. शनिवारी रात्री एकदा बातमी बघा. चौकशीसाठी १३९ हा नंबर आहे. परतीसाठी दोन गाड्या लिहून ठेवा: एक हवी ती आणि एक चुकली तरची.

२. तिकीट: कुठल्या गाडीचं काढताय ते बघा

लोकलचं तिकीट खिडकीवर मिळतं, यंत्रावर मिळतं, रेल्वेच्या रेलवन ॲपवरही मिळतं. मोबाईलवर काढणार असाल तर घरून निघतानाच काढा. रुळांच्या अगदी जवळ आल्यावर मोबाईलवरच्या तिकिटाला अडचण येते, मग स्टेशनात लावलेला क्यूआर कोड शोधत फिरावं लागतं. परतीच्या वेळी मळवलीजवळच्या भाजे गावातच थांबून तिकीट काढून घ्या, तोवर रेंजही असते.

मोबाईलवरचं तिकीट ज्या फोनवर काढलं त्याच फोनवर दाखवायचं असतं. मैत्रिणीला पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. दिवसभर फोटो काढून फोन मेला तर तपासनीसासमोर तुम्ही विनातिकीटच. परतीच्या प्रवासापुरती बॅटरी राखून ठेवा, नाहीतर सरळ कागदी तिकीट घ्या. मी पावसाळ्यात कागदीच घेते आणि झिपच्या पिशवीत ठेवते.

आता सापळा. पुण्याच्या फलाटावर लोकलच्या आधी मुंबईकडे जाणारी एक्स्प्रेस लागते. "हीपण लोणावळ्याला थांबते की" म्हणून मुलं लोकलच्या तिकिटावर तिच्यात चढतात. ते तिकीट त्या गाडीला चालत नाही. एक्स्प्रेसचं भाडं वेगळं, सुपरफास्ट असेल तर अधिभार आणखी वेगळा. पकडलं गेलात तर दंड किमान २५० रुपये, वर भाडं. शिवाय एक्स्प्रेस मळवलीला थांबत नाही.

३. काय न्यायचं नाही

इथे मी जरा कडक बोलणार आहे.

गॅसचं कॅनिस्टर, रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट यातलं काहीही रेल्वेत न्यायचं नाही. 'छोटाच आहे', 'सीलबंद आहे', 'दुकानदार म्हणाला चालतं' यातलं एकही कारण कायद्यात नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ६७ प्रमाणे घातक वस्तू नेण्यावर बंदी आहे आणि कलम १६४ प्रमाणे त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुकसान झालं तर ते भरून द्यावं लागतं ते वेगळंच. कायद्याचं सोडा, २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्टेशनात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागली आणि ९ माणसं गेली. स्वयंपाकासाठी लपवून आणलेलं गॅस सिलिंडर त्या डब्यात होतं. आपल्या सॅकमधला डबा लहान असेल, पण लोकलचा डबा खचाखच भरलेला असतो आणि दरवाजे दोन्ही बाजूंनी माणसांनी अडलेले असतात.

मग चहा कसा करायचा? या पट्ट्यात तो करावाच लागत नाही. भाजे, लोहगडवाडी, राजमाचीचं उधेवाडी, सगळीकडे घरोघरी जेवण मिळतं. आदल्या दिवशी फोन केलात तर पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा तयार असतो. आपले चार पैसे गावात जातात, सॅकही हलकी राहते. घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे न्या. एका दिवसाच्या ट्रेकला स्टोव्ह न्यायची हौस पहिल्या वर्षी बाजूलाच ठेवा.

दुसरी वस्तू कोयता. गवत-काटे तोडायला म्हणून काही जण नेतात. पुण्यात गेल्या काही वर्षांत कोयत्यानं जे प्रकार घडले त्यानंतर स्टेशनात तुमच्या सॅकमधून कोयत्याची मूठ दिसली तर पोलीस अडवणारच, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. वाटेवर कोयता लागेल अशा ठिकाणी नवख्यानं एकट्यानं जाऊच नये. गावातला वाटाड्या घ्या, कोयता त्याच्याकडे असतो. फळं कापायला लहान घडीचा चाकू पुरे, तोही सॅकच्या आत, खोल.

४. सॅक गाडीसाठी भरा

वजनाची फार काळजी करू नका. सेकंड क्लासच्या प्रवाशाला ३५ किलोपर्यंत सामान फुकट नेता येतं. आपली भरलेली सॅक १० ते १४ किलोच्या पुढे जात नाही आणि गेली तर चढ चढताना तुम्हीच रडाल. काळजी करायची ती आकाराची. डब्यात न्यायच्या ट्रंका-सुटकेसींसाठी रेल्वेनं १०० × ६० × २५ सेंटिमीटर असं माप ठरवलंय. आपली सॅक लांबीला त्यात बसते, रुंदीलाही बसते. पण कॅरीमॅट (झोपायची फोमची चटई) आडवी बांधली, तंबू खाली लटकवला, हेल्मेट मागे टांगलं, की ती मापाबाहेर जाते आणि लोकांना लागते.

म्हणून बाहेर काहीही लटकवायचं नाही. हे कसं जमवायचं ते सांगते.

कॅरीमॅट गुंडाळी करून बाहेर बांधण्याऐवजी सॅकच्या आत उभी घाला आणि सैल सोडा. ती आतल्या बाजूनं चिकटून नळकांड्यासारखी बसते. मग तिच्या पोटात बाकीचं सामान भरायचं. मॅटही मावते, सॅकला आकार येतो, पाठीला भांडी टोचत नाहीत. त्याच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी, म्हणजे पाऊस आत शिरला तरी कपडे कोरडे. वरच्या रेन कव्हरवर विसंबू नका. पाठीच्या बाजूनं ओघळणारं पाणी त्यानं थांबत नाही, आणि गर्दीत कव्हर कुणाच्या तरी बॅगेच्या चेनला अडकून निघून जातं. गाडीत कव्हर काढूनच ठेवा.

तळाशी स्लीपिंग बॅग. मधे, पाठीला चिकटून, जड वस्तू. तंबू दोघांत-तिघांत वाटून घ्या: कापड एकाकडे, दांड्या दुसऱ्याकडे, खुंट्या तिसऱ्याकडे. कापड गुंडाळू नका, पिशवीत नुसतं कोंबा. सॅकमधल्या फटी भरून निघतात.

ट्रेकिंग पोल, म्हणजे चालताना टेकायच्या काठ्या, पूर्ण आत ढकलून लहान करा आणि टोकं खाली करून सॅकच्या आत घाला. आत मावत नसतील तर बाजूच्या खिशात, पण टोकावर रबरी बूच हवंच. हरवलं असेल तर बाटलीचं बूच घुसवून चिकटपट्टी गुंडाळा.

पट्ट्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून रबरबँड लावा. लोकलच्या दाराजवळच्या खांबात, बाकाच्या कडीत, दुसऱ्याच्या पर्सच्या बंदात ही टोकं अडकतात आणि गाडी सुटायच्या वेळी माणूस अडकतो.

प्रस्तरारोहणाला जाणारे असाल तर दोर. ५० मीटरचा, १० मिलिमीटर जाडीचा दोर साधारण तीन ते साडेतीन किलोचा होतो. तो सॅकच्या बाहेर शोभेसाठी बांधायचा नाही आणि गाडीच्या फरशीवर तर कधीच टेकवायचा नाही. दोर नायलॉनचा असतो, आम्लानं नायलॉनची ताकद जाते, आणि वर डाग दिसेलच असं नाही. फरशीवर काय सांडलंय, कुठल्या रसायनानं ती धुतलीय, कुणाच्या बॅटरीतलं पाणी गळलंय, आपल्याला कळणार नाही. ज्या दोरावर उद्या माणूस लटकणार आहे तो स्वतंत्र पिशवीत, सॅकच्या आत. कॅरॅबिनर, हार्नेस एका कापडी पिशवीत घट्ट बांधून. खणखणाट होत नाही आणि कुणाचं लक्षही जात नाही.

पाणी हा एक बारीक मुद्दा. माणशी ३ लिटर पाणी म्हणजे ३ किलो वजन. ते पुण्यातून भरून न्यायची गरज नाही. गाडीत प्यायला एक बाटली पुरे, बाकीच्या रिकाम्या न्या आणि भाजे गावात भरून घ्या. गडावरच्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का, हे मात्र गावात विचारूनच ठरवा.

सॅक भरून झाली की घरात एक चाचणी करा. सॅक पोटाशी धरून न्हाणीघराच्या दारातून आत जा आणि फिरून बाहेर या. कुठे घासली, कुठे अडकली तर लोकलमध्येही तिथेच अडकणार.

जवळ ठेवायचं, सॅकच्या आत नाही, कमरेच्या पाऊचमध्ये:
– तिकीट
– मूळ ओळखपत्र (आधार, मतदार कार्ड, वाहन परवाना यातलं कुठलंही)
– सुट्टे पैसे, शंभर-दोनशे रुपये तरी
– ट्रेकला येणाऱ्या सगळ्यांची नावं, घरचे फोन नंबर आणि रक्तगट लिहिलेला कागद
– रोजचं औषध, दम्याचा पंप असेल तर तो आधी

सामानात: दोन रबरी बुचं, रबरबँड, चिकटपट्टी, दोन मोठ्या कचऱ्याच्या पिशव्या, एक छोटं कुलूप, दोन मीटर नायलॉनची सुतळी, हेडटॉर्च, शिट्टी.

५. घर ते स्टेशन

पहाटेची लोकल पकडायची तर मेट्रोचा उपयोग नाही, ती सकाळी सहाला सुरू होते. रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवा. उशिराच्या गाडीला मात्र मेट्रो चांगली, कारण पुणे स्टेशन, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी इथे मेट्रो आणि लोकल जवळजवळ आहेत. मेट्रोत सामान यंत्रातून जातं, तेव्हा तो घडीचा चाकू मेट्रोनं जाताना नकोच.

कोथरूड-कर्वेनगरच्या मंडळींनी शिवाजीनगरला चढण्याआधी विचार करावा. गाडी पुणे स्टेशनातून भरून आलेली असते. मोठी सॅक असेल तर वीस मिनिटं जास्त घालवून मूळ स्टेशनातूनच बसा.

६. डब्यात

फलाटावर गाडी यायच्या आधीच सॅक पाठीवरून उतरवा. सगळी. कमरेचा पट्टा, छातीचा पट्टा सोडा, पोल आत आहेत ना बघा. सॅक पुढे घ्या, वरच्या हँडलला एक हात, खालून दुसरा. पाठीवर सॅक घेऊन डब्यात वळणारा माणूस मागे काय पाडतोय हे त्याला कधीच दिसत नाही.

माझ्या दुसऱ्याच ट्रेकला मी हे शिकले. तळेगावला एक आजी चढल्या, डोक्यावर मेथी-कोथिंबिरीची पाटी. मी दाराजवळ पाठमोरी उभी, सॅक पाठीवर, पोलचं टोक बाहेर. त्या पुढे सरकल्या आणि पदर टोकात अडकला. नऊवारी लुगडं, जुनं, विरलेलं. टर्र्कन वीतभर फाटलं. आजी ओरडल्या नाहीत. पाटी सावरत पदर हातात घेऊन बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "असू दे बाय, तुला मागं डोळं न्हाईत." मी किती वेळा माफी मागितली, पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. कामशेतला उतरताना मला मेथीची जुडी घेशील का म्हणून विचारलं. ती जुडी मी दिवसभर सॅकमध्ये घेऊन फिरले. त्या आठवड्यात दोन्ही पोलना बुचं बसवली.

लोकलच्या वरच्या फळ्या अरुंद असतात. मोठी सॅक तिथे अर्धी बाहेर राहते आणि ब्रेकला कुणाच्या तरी डोक्यावर येते. तिथे फक्त छोटी बॅग. मोठी सॅक बसलात तर गुडघ्यांत उभी धरा, उभे असाल तर डब्याच्या टोकाला, भिंतीला टेकवून, हात तिच्यावर. तळाखाली कचऱ्याची पिशवी घाला. दाराजवळची जागा अडवू नका. मावळातले दूधवाले सकाळी पुण्यात दूध घालून रिकाम्या किटल्या घेऊन याच गाड्यांनी परततात, भाजीवाल्या असतात, आकुर्डी-तळेगावला उतरणारी कॉलेजची मुलं असतात. ही त्यांची रोजची गाडी आहे, आपली महिन्यातून एकदाची. "दादा, तुम्हाला कुठे उतरायचंय?" एवढं विचारून आपण आतल्या बाजूला सरकलो तर सॅकबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. उलट मळवलीला कुठल्या बाजूला उतरायचं हे तेच सांगतात.

ग्रुपमध्ये बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये असतील तर उतरायचं स्टेशन आणि तिथली भेटायची जागा आधीच ठरवा. फोन लागेलच असं नाही.

आणि दारात उभं राहून सॅक बाहेरच्या बाजूला ठेवायची नाही. सॅक खांबाला लागली तर तुम्हाला सोबत घेऊनच जाईल.

७. मळवलीला उतरताना

वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग मळवली. गाडी तिथे मिनिटभरही थांबत नाही, आणि सॅक असलेली आठ माणसं एका दारातून उतरायची म्हणजे वेळ लागतो. कामशेत सुटलं की उठा. दोन दारांत विभागा. पहिला माणूस रिकाम्या हातांनी उतरेल, मग सॅक, मग बाकीचे. सगळे उतरल्यावर डोकी मोजा, सॅकही मोजा.

रूळ ओलांडू नका, पुलावरून जा. रूळ ओलांडणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय या मार्गावर न थांबणाऱ्या गाड्या वेगानं येतात आणि पावसात त्यांचा आवाज उशिरा कळतो.

स्टेशनाबाहेर सॅक पाठीवर घ्या, पट्टे नीट आवळा, आता पोल बाहेर काढा. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव. डावीउजवीकडे चहाच्या टपऱ्या आहेत, पाणी इथे भरा. भाज्याची लेणी इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली, २२ लेण्यांचा हा गट वाटेवरच आहे. पुढे चढत गायमुख खिंडीत पोचलात की उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. स्टेशनापासून खिंडीपर्यंत ओझ्यासह दोनेक तास धरा.

लोहगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संध्याकाळी गड बंद होतो, वर मुक्काम करता येत नाही. तेव्हा लोहगडाला जाताना तंबू न्यायचाच कशाला? राहायचं असेल तर लोहगडवाडीत घरात राहा. पावसाळ्यात धबधब्यांच्या जागी जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश निघतात. निघण्याआधी त्या आठवड्याची बातमी बघा.

८. राजमाचीला गेलात तर परत कर्जतहून

मुक्कामी सामान घेऊन करायचा पहिला ट्रेक म्हणून मी राजमाचीच सुचवते. लोणावळा स्टेशनातून उतरायचं, तुंगार्ली-वळवंडच्या बाजूनं साधारण १५-१६ किलोमीटर चालत उधेवाडी, गावात मुक्काम, श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी कोंडाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरून टमटमनं कर्जत. एका स्टेशनातून चढून दुसऱ्या स्टेशनात उतरता येणारा असा ट्रेक स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्याला करताच येत नाही.

पण कर्जतहून पुण्याला लोकल नाही. मुंबईहून येणारी एक्स्प्रेसच पकडावी लागते आणि रविवारी संध्याकाळी तिचा जनरल डबा पाय ठेवायला जागा नाही इतका भरलेला असतो. शक्य असेल तर परतीचं आरक्षण आधीच करा. जमेची बाजू अशी की घाट चढायला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात, त्यासाठी पुण्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला काही मिनिटं थांबतात. सॅक चढवायला मळवलीसारखी घाई होत नाही. आरक्षित डब्यात चढलात तर सॅक वाटेत ठेवू नका, घाटात फेरीवाले आणि वडापाववाले सतत ये-जा करतात.

९. लांबच्या गाडीनं हिमालयात

झेलम एक्स्प्रेस पुण्याहून जम्मूतावीपर्यंत जाते. हिमाचलकडे जाणारे अंबाला किंवा पठाणकोटला उतरतात. दोन रात्रींचा प्रवास. स्लीपर आणि थर्ड एसीला ४० किलो सामान फुकट.

सॅक खालच्या बर्थखाली, तोंड भिंतीकडे. सॅकला साखळी लावायला कडी नसते आणि नुसत्या पट्ट्यातून साखळी ओवली तर पट्टा कापला की सॅक गेली. त्यासाठी पूर्ण सॅक आत जाईल अशी जाड कापडी किंवा ताडपत्रीची पिशवी शिवून घ्या, वर कुलूप लागेल अशी. माझी रविवार पेठेतून कापड आणून शिवलेली आहे, बारा वर्षं टिकलीय. तिचा दुसरा उपयोग क्लोक रूममध्ये. तिथे कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत आणि ट्रेकिंग सॅकला कुलूप लागत नाही, हे दिल्लीला उतरल्यावर कळून उपयोग नसतो.

ग्रुपचं जास्तीचं सामान, आइस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांना लावायचे दात) यांसारख्या टोकदार वस्तू डब्यात न नेता ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, बुक करा. क्रॅम्पॉनच्या दातांवर जुन्या टायरच्या रबराचा तुकडा, वर गोणपाट. प्रत्येक नगावर नाव, पत्ता, कुठून कुठे हे मार्करनं लिहा, पाण्यानं पुसणार नाही असं. पार्सल ऑफिसात गाडीच्या दोन तास आधी पोचा. पावती हरवू नका, ती नसेल तर सामान सोडवताना दिवस जातो. बुक न केलेलं जादा सामान डब्यात सापडलं तर आकार कित्येक पटींनी लागतो.

सॅक चोरीला गेली तर पुढच्या स्टेशनची वाट बघू नका. १३९ वर कळवा, डब्यातल्या तपासनीसाला आणि रेल्वे पोलिसांना सांगा. सॅकचा भरलेल्या अवस्थेतला एक फोटो फोनमध्ये असेल तर वर्णन करायला सोपं जातं.

१०. परतीचं ओलं सामान

मळवलीच्या फलाटावर चढण्याआधी बुटांचा चिखल दगडावर घासून काढा. ओला पोंचो, ओली सॅक कचऱ्याच्या पिशवीत घाला, तळाशी दुसरी पिशवी. संध्याकाळच्या गाडीत लोक कामावरून किंवा लग्नाहून येत असतात, त्यांच्या कपड्यांना आपला चिखल लागू नये. कोरडा जोड इथे घाला. पोलना बुचं परत लावा. दमलेलं असताना हेच विसरतं.

घरी आल्यावर सॅक रात्रभर बांधून ठेवू नका. किती उशीर झाला तरी तंबू आणि पोंचो बाहेर काढून गॅलरीत दोरीवर पसरा. कोंबून ठेवलेल्या तंबूला पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि तो वास नंतर काही केल्या जात नाही. दोर ओला असेल तर पंख्याखाली, सावलीत, उन्हात नाही. सॅकच्या तळाचा खिसा उलटा करून झटका. तिथे रेती, केळीची साल आणि गेल्या ट्रेकचं हरवलेलं रबरी बूच सापडतं.